कोकेन आणि आमचा पानठेला

संपादक महोदय,

कोकेन पकडल्याच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. माल किती कोटींचा हे ठळक अक्षरात असतं आणि ‘उच्चभ्रूंची नशा’ हे शब्द हमखास असतात. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी पानठेल्यावर ती बातमी मोठ्यानं वाचली जाते आणि कोणीतरी म्हणतंच, "आपल्याले काय कराचं बे, आपल्याले खर्रा पुरते." या निर्धास्तपणाबद्दल हे पत्र.

मी ग्रामीण रुग्णालयात ३१ वर्षं नेत्र चिकित्सा सहायक होतो. मोतीबिंदूच्या शिबिरात म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत बधिर करणारे थेंब टाकायचे आणि मिनिटभरानं विचारायचं, "आजी, कसं वाटते?" एक आजी म्हणाली होती, "डोया गोटा झाला बाप्पा."

त्या थेंबांचा मूळपुरुष म्हणजे कोकेन. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचं पाणी आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात टाकलं. टाचणीचं डोकं बुबुळाला लावून पाहिलं, तर काहीच कळेना. तोवर मोतीबिंदू काढताना रोग्याला अनेकदा दाबून धरावं लागे. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला कोलरकडे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध तिथं दुसऱ्यानं वाचला. शिबिराची गाडी डिझेलअभावी अडकली की मला हा माणूस आठवायचा. पुढे कोकेननं बुबुळाचा वरचा थर खराब होतो हे कळलं, व्यसन तर होतंच, म्हणून दुसरी औषधं आली. लिग्नोकेन, प्रोपॅराकेन या नावांतलं ‘केन’ तेवढं मागे राहिलं.

त्याच वर्षी कोलरच्या ओळखीतल्याच सिग्मंड फ्रॉइडनं (पुढे मनोविश्लेषणासाठी जगभर गाजलेला डॉक्टर) कोकेनचे गोडवे गाणारा निबंध लिहिला. मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या फ्लाइश्ल या डॉक्टर मित्राला त्यानं उतारा म्हणून कोकेन सुचवलं. मॉर्फिन सुटलं नाहीच, वर कोकेन लागलं. त्याला अंगावर साप सरपटल्याचे भास होऊ लागले. १८९१ मध्ये तो गेला. फ्रॉइडसारख्याचा अंदाज असा चुकला.

आता पानठेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता, मुंबई, दिल्ली इथं चोरून आणलेलं कोकेन लोक चक्क विड्यातून खात. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे आर. एन. चोप्रा यांनी या सवयीवर १९३१ मध्ये शोधनिबंध लिहिला. खाणारे सगळे नवाब नव्हते. विड्यातच का, तर चुन्यामुळे. चुना लागला की कोकेन तोंडाच्या आतल्या कातडीतून लवकर रक्तात शिरतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षं, ज्यातून कोकेन काढतात त्या कोकाची पानं चुन्याबरोबर किंवा राखेबरोबरच चघळत आले आहेत. पानांत कोकेन नाममात्र असतं, पांढऱ्या भुकटीची गोष्ट वेगळी. खर्र्यासाठी पन्नीत सुपारी-तंबाखू घोटताना आपण चुना का टाकतो? तेच कारण. मी स्वतः २२ वर्षं खर्रा खाल्ला आहे, उपदेशाचा अधिकार मला नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा पुण्यात पार्ट्यांना साउंड लावायच्या कामावर होता. वय २७. रात्र रात्र जागायचं असे, तेव्हा मालकच ‘घे, झोप उडंल’ म्हणून नाकातून ओढायला कोकेनच्या भुकटीची एक ओळ द्यायचा. पैसा लागलाच नाही, म्हणजे श्रीमंतांची नशा ही अशी गरिबाकडे येते. नाकातून ओढलेल्याचा चढ अर्ध्या तासात उतरतो, मग मन इतकं पडतं की पुन्हा हवंच वाटतं. पोळ्याला घरी आला तेव्हा त्याच्या नाकाला खपल्या होत्या, अधूनमधून रक्त यायचं. हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. कातडीखाली किडे फिरतात म्हणायचा. आईनं कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, मग कोणी सांगितलं म्हणून निंबू उतरवला. मला फ्लाइश्लचे साप आठवले, पण मी बोललो नाही. ती माझी चूक.

तिसऱ्या रात्री छाती दुखायला लागली, घामानं बनियन चिंब. आम्ही नेलं त्या दवाखान्यात ‘एवढ्या वयात काय होते, गॅस असंल’ म्हणून गोळी देऊन बसवलं. मी हट्ट धरला तेव्हा ईसीजी निघाला. त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, पोलिसाईले नका सांगू." संध्याकाळी पुडीतलं उरलेलं ओढलं होतं आणि वर दारू. कोकेननं हृदयाचे ठोके वाढतात, त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आवळतात. धडधाकट तरण्या पोरालाही झटका येतो तो असा. दारू सोबत असली की यकृतात या दोन्हींचं मिळून तिसरंच द्रव्य तयार होतं, ते शरीरात जास्त वेळ टिकतं आणि हृदयावर आणखी ताण आणतं. ठोके कमी करणारी काही नेहमीची औषधं अशा वेळी उलटू शकतात, म्हणून डॉक्टरला खरं सांगावंच लागतं. आम्ही सांगितलं. पोरगा वाचला, पण फवारणीचा पंप आता त्याच्या पाठीवर चढत नाही.

पोलिसांची भीती खोटी नाही. पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळू शकते. कोकेनचं अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. कोकेन सोडवायची खास गोळी अजून निघालेली नाही, समुपदेशनाचा रस्ता लांबचा आहे. आमचा पोरगा दोनदा घसरला, सध्या जातो आहे.

केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांक १४४४६ आहे. विनंती एवढीच की पुढच्या वेळी मालाच्या कोटींच्या आकड्याशेजारी हा आकडाही चौकटीत छापावा. आमच्या ठेलेवाल्यानं तो फळीवर चुन्यानं लिहिला होता, पण पहिल्याच पावसात वाहून गेला. चौकट छापली तर कापून पन्नीत घालून लावता येईल, पन्नी तर त्याच्याकडे ढिगानं आहे.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा सहायक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ