पानाच्या तळमजल्यावर

जिनिव्हा,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा ट्रामच्या थांब्यावर, दुसऱ्यांदा भांडी घासताना, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम दार लावून. ‘मी लेखक कसला रे, पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओतणारा आचारी झालोय’ हे तू चिडून म्हणालास की दमून, ते मला कळत नव्हतं. वाहिनीने आणखी दोनशे भाग मागितले, वर मेलेल्या सासऱ्याला जिवंत करायला सांगितलं, इथे मी हसलो. नंतर तू ओझरतं त्या इचलकरंजीच्या बाईंच्या पत्राबद्दल बोललास आणि लगेच विषय बदललास. तिथे मात्र हसू आलं नाही. फोन केला असता तर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून हे पत्र.

आज मी आन्सीला जाऊन आलो. इथून बसने तासाभराचा रस्ता, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये. तळं, हंस, आइस्क्रीमच्या रांगा, सगळं कॅलेंडरवरच्यासारखं. मी गेलो होतो एका माणसासाठी, जो तिथे 1857च्या ऑगस्टमध्ये वारला. यूजेन स्यू. हे नाव तू ऐकलं नसशील. मीही ऐकलं नव्हतं, दोन वर्षांपूर्वी इथल्या प्लँपालेच्या जुन्या बाजारात त्याचा एक जाडजूड, पाठ उसवलेला खंड दोन फ्रँकला मिळेपर्यंत. माझं फ्रेंच सुधारावं म्हणून घेतला. सुधारलं ते चोरांचं फ्रेंच.

तुझ्या धंद्याचा मूळपुरुष म्हणावा असा हा माणूस. धंदा त्याने सुरू केला नाही, पण पेटवला त्याने. 1836 साली पॅरिसमध्ये एका संपादकाने दैनिकाची वर्गणी ऐंशी फ्रँकांवरून एकदम चाळीसवर आणली. तूट भरायची जाहिरातींनी, आणि जाहिराती मिळवायला वाचक हवेत. वाचक रोज यावा कसा? तर पानाच्या तळाशी एक आडवी रेघ मारायची आणि रेघेखाली गोष्ट छापायची, अगदी नाक्यावर आणून तोडायची, ‘पुढचं उद्या’. त्या रेघेखालच्या जागेला छापखान्यातले लोक तळमजला म्हणत. वर राजकारण, खाली गोष्ट. मोठे समीक्षक नाकं मुरडत होतेच. 1839 साली सँत-बव्हने या सगळ्या प्रकाराला कारखानदारी साहित्य म्हणून टाकलं. तुझ्या साहित्य संमेलनवाल्या मेहुण्याचं बोलणं आठवलं मला.

स्यू मात्र कारखान्यातला नव्हता. जन्म 1804चा, बाप नेपोलियनच्या सैन्यातला नामांकित शल्यवैद्य. ‘यूजेन’ हे नाव त्याने नेपोलियनच्या बायकोच्या, जोसेफिनच्या मुलावरून घेतलेलं. शाळेत उनाड, म्हणून बापाने नौदलात जहाजावरचा डॉक्टर करून धाडला. 1827ची नवारीनोची लढाई त्याने जहाजावरून पाहिली. बाप 1830 साली गेला आणि मोठी इस्टेट हातात आली. मग काय, घोडे, बग्ग्या, कपडे, जॉकी क्लबच्या संस्थापकांमध्ये नाव. पिवळे हातमोजे घातल्याशिवाय तो लिहायला बसत नाही, अशी त्याची ख्याती होती. त्या काळात त्याने चाच्यांच्या आणि समुद्राच्या कादंबऱ्या लिहिल्या, बऱ्या चालल्या. सात-आठ वर्षांत पैसा संपला, कर्ज झालं, आणि ज्या दिवाणखान्यांत तो मिरवायचा तिथले लोक ओळख दाखवेनासे झाले.

आता गंमत बघ. एका प्रकाशकाने त्याला लंडनच्या जीवनावरची चित्रं असलेलं एक इंग्रजी प्रकाशन दाखवलं आणि पॅरिसवर तसंच काही करा म्हणाला. स्यूने आधी तोंड वाकडं केलं. मग जुने कपडे चढवून तो त्या मोहल्ल्यात जाऊन आला, जिथे त्याच्या वर्गातला माणूस बग्गीतूनही जात नसे. 19 जून 1842ला ‘जुर्नाल दे देबा’मध्ये पहिला भाग आला. लक्षात घे, हे सरकारधार्जिणं, बड्या लोकांचं वर्तमानपत्र. त्याच्या तळमजल्यावर अचानक चोर, वेश्या, सुटलेले कैदी राहायला आले. गोष्टीचं नाव ‘पॅरिसची रहस्यं’. ऑक्टोबर 1843पर्यंत ती चालली, दीडशेच्या आसपास भाग.

सुरुवात 1838 सालच्या एका थंड, पावसाळी संध्याकाळची. नोत्र दामच्या शेजारच्या अंधाऱ्या बोळात एक दांडगट माणूस एका पोरीला मारतोय, मध्ये तिसराच पडतो आणि दांडगटाला लोळवतो. हा तिसरा म्हणजे रोदोल्फ, मजुराच्या कपड्यातला जर्मनीतला राजा. आपल्याला यात नवं काय, विक्रमादित्याचा पाढा लहानपणापासून पाठ! दांडगटाचं नाव ‘शुरिनर’, सुरी चालवणारा. पॅरिसच्या चोरांचा हा शब्द भटक्या रोमा लोकांच्या बोलीतून आला, आणि त्यांच्या बोलीतला सुरीचा शब्द म्हणजे आपली सुरीच, एकाच मुळाची. प्लँपालेहून घरी येताना ट्राममध्ये मी एकटाच खुदखुदत होतो, समोरच्या बाईंनी जागा बदलली.

खरं सांगू का, पुस्तक पुष्कळ ठिकाणी वाईट आहे. रोदोल्फ असह्य आहे. स्वतःच पोलीस, स्वतःच न्यायाधीश. ‘मास्तर’ नावाच्या खुनी माणसाचे डोळे काढायला लावतो आणि त्याला पश्चात्तापाची संधी दिली म्हणतो. योगायोग इतके, की पॅरिस म्हणजे आपलं कोपरगाव वाटावं. मधेच गोष्ट थांबवून स्यू चार चार पानं भाषण ठोकतो. पण ही भाषणंच मला पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटली. कारण ती सुरुवातीला नाहीत. सुरुवातीचा स्यू हौशी आहे. गरिबी म्हणजे त्याला तमाशा. मग हळूहळू सूर बदलतो. कैद्यांना एकत्र कोंडलं की तुरुंगच गुन्ह्याची शाळा कसा होतो, गरिबाला दिवाणी दावा का परवडत नाही, सरकारी गहाणपेढी गरिबाकडून किती जबर व्याज घेते, हे येऊ लागतं. हिरे घासणारा मोरेल, माळ्यावर थंडीत कुडकुडणारं त्याचं कुटुंब, त्या घराचा कायम गांजलेला राखणदार पिप्ले. त्याच्यावरून फ्रेंचमध्ये बडबड्या, गप्पिष्ट माणसाला ‘पिप्ले’ म्हणू लागले. तुझ्या मालिकेतलं एखादं नाव मराठीत असं शब्द होऊन बसलं तर मी पेढे वाटीन.

सूर कशाने बदलला? एक गोष्ट सांगतात, की 1841मध्ये त्याच्या एका नाटककार मित्राने त्याला एका कामगाराच्या घरी जेवायला नेलं, आणि त्या माणसाचं बोलणं ऐकून हा हातमोजेवाला उठताना म्हणाला, मी समाजवादी झालो. असेल. पण माझा भरवसा पोस्टावर. भाग छापून येऊ लागले तशी त्याला पत्रं येऊ लागली. चारशेहून जास्त आज पॅरिसच्या शहर ग्रंथालयात आहेत. कामगारांची, सरदारीणबाईंची, डॉक्टर-वकिलांची, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेली, अत्तर लावलेली. कुणी नोकरी मागतोय, कुणी गरिबांना वाटायला पैसे धाडतोय, कुणी सांगतोय की तुम्ही लिहिलंत त्याहून आमच्या गल्लीत वाईट आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकत, कारखान्यांत आणि राखणदारांच्या खोल्यांत एक जण मोठ्याने वाचायचा. गोतिए या कवीने लिहून ठेवलंय, की आजारी माणसं शेवट कळेपर्यंत मरण पुढे ढकलत होती. आणि स्यू ती पत्रं वाचत होता. त्यातलं पुढच्या भागांत येत होतं. बघ ना, ज्याला तू बाजाराचा दबाव म्हणतोस, त्यातूनच त्याला दृष्टी आली. टीआरपी आणि पत्र यांत फरक आहे, मान्य. टीआरपीला हस्ताक्षर नसतं.

विद्वानांनी सोडलं नाही अर्थात. मार्क्स आणि एंगल्सने 1845च्या त्यांच्या एका ग्रंथात या कादंबरीची सालं काढली. नायिका फ्लर द मारी सुरुवातीला वेश्यावस्तीतही ताठ मानेची, हसरी पोर आहे. रोदोल्फ तिला आधी पश्चात्तापदग्ध पापिणी करतो, मग जोगीण, मग प्रेत, असं मार्क्सचं म्हणणं. मला पटतं ते. तिला मारायला नको होतं. तिच्या वाचकांचं तर किती पाणी झालं असेल.

पुढचं भरभर सांगतो. ‘भटका यहुदी’ ही पुढची कादंबरी ‘कॉन्स्तित्युसियोनेल’ने एक लाख फ्रँकांना विकत घेतली, आणि चार हजारही न खपणारं ते दैनिक वीस हजारांवर गेलं. मग 1848ची क्रांती झाली. एप्रिल 1850मध्ये पॅरिसच्या पोटनिवडणुकीत स्यू आमदार म्हणून निवडून आला, आणि कारखानदारी साहित्याला नावं ठेवणाऱ्यांची पाचावर धारण बसली. महिन्याभरात मतदानाचा कायदाच बदलला. सुमारे तीस लाख लोकांचा, मुख्यतः कामगारांचा, हक्क गेला. जुलैमध्ये आणखी एक कलम घातलं: ज्या अंकात क्रमशः कादंबरी असेल त्याच्या प्रत्येक प्रतीवर एक सांतीम, म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग, जादा मुद्रांक. सरकारने गोष्टींवर कर बसवला रे! तू स्वतःला आचारी म्हणतोस, पण आमटीवर जकात लागलेली ऐकलीयस कुठे?

डिसेंबर 1851मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई नेपोलियनने सगळी सत्ता बळकावली आणि स्यूला देश सोडावा लागला. आन्सी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राज्यात होतं. तिथे तो शेवटपर्यंत ‘जनतेची रहस्यं’ लिहीत बसला: गॉल म्हणजे फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांमधल्या एका कुटुंबाची दोन हजार वर्षांची कहाणी, भागाभागाने वर्गणीदारांकडे जाणारी. त्यावरचं त्याचं घोषवाक्य असं, की आपल्या वाडवडिलांना प्रत्येक सुधारणा शतकानुशतकं रक्त सांडून, बंड करूनच मिळवावी लागली. 1857 साली पिनार नावाच्या सरकारी वकिलाने एकाच वर्षात तिघा लेखकांना कोर्टात खेचलं. कादंबरीकार फ्लोबेर सुटला. कवी बोदलेअरला दंड झाला, सहा कविता काढून टाकाव्या लागल्या. तिसरा स्यू. निकाल सप्टेंबरात लागला, पुस्तक नष्ट करण्याचा हुकूम झाला, पण तोवर तो माणूस दीड महिन्यापूर्वीच वारला होता. पहिल्या दोघांची नावं तुझ्या मेहुण्याला पाठ असतील.

आणि हे सगळं तुलाच का सांगतोय, तर याचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. स्यूचं पाहून रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाने लंडनमध्ये 1844पासून एका पेनीच्या साप्ताहिक भागांत ‘लंडनची रहस्यं’ सुरू केली. विलायतेत त्याला कुणी साहित्यिक मानलं नाही, पण हिंदुस्थानात तो धो धो वाचला गेला, मराठीतही उतरला. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सवरूनच सुचली, आणि ती 1885 साली ‘पुणे वैभव’मध्ये क्रमशः आली. पुढे 1890मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढलं, ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात आठवड्याआठवड्याने छापून आली. तिची नायिका यमू घराघरांत पोहोचली ती हप्त्याहप्त्याने. पुढच्या अंकाची वाट पाहणारी कुणी सदाशिव पेठेतली लेकुरवाळी विधवा असेल, तिने हरिभाऊंना पत्र लिहिलं असेल का, हा विचार आज परतीच्या बसमध्ये मनातून जाईना. आपण दोघं वाचनालयातून चार आण्यांत रात्रीपुरता आणलेला ‘झुंजार’ पांघरुणात बॅटरी लावून वाचायचो, तेव्हा आपण कुठल्या रांगेत बसलोय हे ठाऊक नव्हतं.

आन्सीत लोव्हेर्शीच्या कबरस्तानात त्याला पुरलंय. मी बराच वेळ तिथे घालवला, मग पाऊस आला म्हणून निघालो. खिशात नेलेली बाकरवडी एका झाडाखाली उभं राहून मीच खाल्ली, नैवेद्य दाखवायचं विसरूनच गेलो.

सासऱ्याला जिवंत करायचं असेल तर कर. स्यूनेही याहून भयंकर गोष्टी केल्यात. पण त्या इचलकरंजीच्या बाई. तू म्हणालास, त्यांनी सहा पानं लिहिलीत, तुझ्या मालिकेतल्या सुनेसारखं त्यांनाही घरात कोंडून ठेवतात, आणि विचारलंय की ती सून पुढे काय करणार. तू ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकलंस कारण काय लिहावं सुचेना. अजून तिथेच आहे का? त्यांना काय उत्तर देणार आहेस ते मला कळव, एपिसोडचं नंतर बोलू.

वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
मध्या

ता. क. : आईने तुझ्याकडे मेतकूट पाठवलंय असं कळलं. ते फोडलंस तर दोस्ती तुटली समज.