पाठीशी उभ्या राहिलेल्या करवलीस

चि. करवलीस अनेक आशीर्वाद.

केटररचे, हॉलवाल्यांचे, गुरुजींचे आभार मानून झाले. तुझे राहिले होते, आणि ते चारचौघांत मानायचे असं आम्ही ठरवलं. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा मुहूर्त सुरू होतील. कुणाची तरी धाकटी बहीण करवली म्हणून उभी राहील आणि तिला वाटेल, नारळ ठेवलेला पाण्याचा करा धरून फोटोत उभं राहिलं की झालं. नवरीचे हात आधी मेंदीत, मग हारात, मग होमात अडकलेले असतात आणि नजर खाली. तिला जे दिसत नाही आणि हाताने करता येत नाही, ते सगळं करवलीचं. तू हे कुणी न सांगता ओळखलंस.

कऱ्याचंच बघ. आदल्या रात्री तू तीन नारळ कऱ्याच्या तोंडावर बसवून पाहिलेस आणि बुडाशी रुंद असलेला निवडलास. निमुळता नारळ आत सरकतो, तेवढं पाणी बाहेर येतं आणि ते थेट नवरीच्या शालूवर सांडतं. पाणीही तू अर्ध्यापर्यंतच भरलंस. आंब्याची पानं उभी राहायला तेवढं पुरतं. तांब्याचा करा, अर्धा लिटर पाणी आणि शेंडीचा नारळ मिळून दीड किलोच्या घरात जातं. मंगलाष्टकं म्हणायला आठ, पण घरच्या हौशी मंडळींनी रचलेली धरली की वीस मिनिटं सहज होतात. तेवढा वेळ नुसत्या मनगटावर करा तोलला तर हात थरथरायला लागतो. तू डावा तळवा बुडाखाली धरलास, उजवा हात गळ्याशी, दोन्ही कोपरं कमरेला टेकवलेली. पुढच्या करवल्यांनी हे एवढं जरी उचललं तरी पुष्कळ.

नवरदेवाच्या बहिणीच्या हातातल्या दिव्याचीही काळजी तूच घेतलीस, हे विहीणबाईंनी आवर्जून सांगितलं. स्टेजवरचा पंखा तू आधीच बंद करायला लावलास आणि छोट्या डबीत तुपात भिजवलेल्या दोन फुलवाती जवळ ठेवल्यास. कोरडी वात ऐनवेळी नुसती जळून काळी पडते, भिजलेली लगेच धरते. त्या बहिणीच्या शेल्याचं टोक कमरेला खोचून दिलंस तेही फार बरं केलंस. हल्लीचे शेले बहुतेक सिंथेटिक असतात, ज्योतीजवळ गेले की वितळून अंगाला चिकटतात.

आणि मुंडावळ्या! मऊ केसांवरून मुंडावळीची गाठ हमखास घसरते आणि मोत्यांचा पट्टा भुवयांवर येऊन बसतो. तू गाठ अंबाड्याच्या वर घेऊन दोन्ही बाजूंना एकेक यू-पिन लावलीस. अंतरपाट दूर झाला, नवरदेवाने हार उचलला, आणि त्या क्षणी करा दुसरीच्या हाती देऊन तू दोन्ही हातांच्या बोटांनी मुंडावळ्यांच्या लडी गालांवरून मागे धरल्यास. हार खाली येईपर्यंत सोडल्या नाहीस. तिथेच गोंधळ होतो: हाराचा दोरा मोत्यांत अडकतो, तो सोडवायला गेलं की नथ ओढली जाते. व्हिडिओत ते तीन सेकंद पुन्हा पुन्हा पाहतोय आम्ही.

नथ दाबाची होती. नाक टोचलेलं नसलं की घामाने ती सरकते, म्हणून नाकाला पावडरचं बोट लावून मग बसवायची, हे तुला ठाऊक होतं. गौरीहरापाशी बसायच्या आधी स्ट्रॉने लिंबू सरबतही तूच पाजलंस. उपाशी पोटी होमाच्या धुरात बसलेल्या किती नवरी मुलींना भोवळ येते!

चुड्याचंही तुझ्याचमुळे निभावलं. 2.4 आणि 2.6 या मापांत व्यासाचा फरक इंचाचा आठवा भाग, पण उन्हाने हात सुजले की तेवढ्यावरून बांगडी अडते. कासाराकडून तू दोन्ही मापं आणलीस आणि हिरव्या चार जास्तीच्याही, एखादी वाढलीच तर हाताशी असाव्यात म्हणून. सप्तपदीआधी शेला-उपरण्याच्या गाठीतून एक मोठी पिन घातलीस. रेशमावर रेशमाची गाठ टिकत नाही, सातव्या पावलापर्यंत ती सुटून पायात येते.

दागिन्यांची यादी मात्र आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, वाकी, तोडे: घालताना लिहिलंस, काढताना एकेकापुढे खूण केलीस, आणि कुठला कुणाचा, तेही लिहिलंस. उसने आणलेले दागिने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शोधत बसणं फार वाईट.

सर्वांत मोठे आभार मात्र एका कागदासाठी. महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या नमुना 'ड' अर्जावर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात, आणि 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून 90 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. साक्षीदार पुन्हा सापडतात, गुरुजी दुसऱ्या मुहूर्तावर निघून जातात. तू अर्ज पर्समध्ये घेऊन आलीस आणि दक्षिणा देतानाच त्यांची सही घेतलीस. तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी तुझीच सही आहे. कऱ्याइतकाच तोही मान आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग पाठराखीण म्हणून तू तिच्या सासरी गेलीस. बॅगेत वर सुती साडी, तिची रोजची औषधं, चार्जर, सॅनिटरी पॅड, म्हणजे परक्या घरी पहिल्याच रात्री काही मागायला नको. उंबऱ्यावर माप ओलांडताना तिच्या कानात हळूच 'उजवा पाय' म्हणालीस, हे तुझ्या ताईने फोनवर सांगितलं. ते सांगताना तिचा गळा भरून आला होता.

करा चिंचेने घासून ठेवला आहे. त्यावरच्या नारळाच्या वड्या केल्या, पहिला डबा तुझ्या नावाचा काढलाय. रविवारी येऊन घेऊन जा.

तुझ्या,
लग्नघरातल्या काकू, मावश्या आणि आत्या