मायनार्स्कीच्या प्रोजेक्टबद्दल

प्रिय बाळ्या,

काल तुझी बस आली आणि बोलणं अर्धंच राहिलं, मग रात्री मला झोप नाही, म्हणून सकाळी चहा घेऊन टाइप करत बसलोय. आई म्हणतेय एवढं लांबलचक कोण वाचतं हल्ली. वाच रे.

तू वैतागलायस ते कळलं. अँड्र्यू मायनार्स्कीवर, दुसऱ्या महायुद्धातल्या त्या कॅनडाच्या विमान-गनरवर, जिथे जावं तिथे तेच चार पॅरेग्राफ. १२-१३ जून १९४४ची रात्र, फ्रान्समधलं कँब्रेचं रेल्वे यार्ड, जर्मन फायटरने त्याच्या लँकेस्टर बॉम्बर विमानाची डावीकडची दोन्ही इंजिनं पेटवली, पायलटने उड्या मारा म्हणून सांगितलं, हा वरच्या टरेटमधून, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या घुमटातून, उतरून दाराकडे निघाला आणि बघतो तर शेपटाकडचा गनर पॅट ब्रॉफी आपल्या टरेटमधे अडकलेला. मधे आग. हा आगीतून गेला, आधी कुऱ्हाडीने आणि मग नुसत्या हातांनी ते टरेट उघडायला बघत राहिला, तोवर अंगावरचे कपडे आणि पॅराशूट पेटलं, शेवटी ब्रॉफीनेच हाताने जा जा केलं, तेव्हा कुठे हा मागे सरकत दारापाशी आला, ताठ उभा राहिला, सॅल्यूट केला आणि उडी मारली. खाली फ्रेंच लोकांना सापडला, पण भाजलेला इतका की वाचला नाही. २७ वर्षांचा होता.

आणि तुझा प्रश्न, की बाबा हे जरा जास्तच पिक्चरसारखं नाही का, पेटलेला माणूस सॅल्यूट करतो आणि वर "गुड नाइट सर" म्हणतो.

प्रश्न चांगला आहे. तू सहावीत असताना तानाजीची घोरपड खरी की पोवाड्यातली म्हणून माझं डोकं खाल्लं होतंस ते आठवतंय? तेव्हा जे सांगितलं तेच आता, आधी बघ कोण सांगतंय आणि तो तिथे होता का. इथे सांगणारा तिथे होता. विमान ब्रॉफीला घेऊन खाली आदळलं, पोटात बॉम्ब होते त्यातले काही फुटलेसुद्धा, आणि हा माणूस बाहेर फेकला गेला आणि जिवंत राहिला. काय म्हणायचं याला. विमानात सात जण होते, सहा वाचले, मेला तो एकटा मायनार्स्की. पण आतलं ते शेवटचं मिनिट बघणारा ब्रॉफी एकटाच, बाकीच्यांना पत्ताच नव्हता. ब्रॉफी फ्रान्समधे लपून राहिला आणि सप्टेंबरमधे इंग्लंडला परत पोचला, पुढे त्याची हकिगत पायलट डी ब्रेनला कळली आणि त्याने पाठपुरावा केला, म्हणून ऑक्टोबर १९४६ मधे मायनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचं सगळ्यात मोठं ब्रिटिश मेडल, जाहीर झालं. दोन वर्षं मधे गेलेली बघ.

आता गंमत अशी की मेडलच्या सायटेशनमधे, म्हणजे ते का दिलं त्याच्या अधिकृत मजकुरात, सॅल्यूट आहे, "गुड नाइट सर" नाहीये. ते ब्रॉफीने नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याने स्वतःच म्हटलंय की मला ऐकू नाही आलं, ओठ हलले आणि मी समजलो. कारण ब्रॉफी ऑफिसर, मायनार्स्की खालच्या हुद्द्यावरचा, पण दोघं जिगरी दोस्त, रात्री झोपायला जाताना हा नेहमी गमतीने सॅल्यूट ठोकून तेच म्हणायचा. म्हणजे जो सॅल्यूट लोकांना सैनिकी शिस्त वाटतो तो कदाचित दोघांच्यातला रोजचा जोक होता. मला तर असं वाचल्यावर ते जास्तच खरं वाटायला लागलं. पण तू लिहिताना नीट वेगळं काढून लिही, हे सायटेशनमधलं, हे ब्रॉफीचं, हे माझं मत.

आणि दुसरं. तू विनिपेगमधे राहतोस रे, त्याच्या गावात! पोलंडहून आलेल्यांचं पोर, १९१६चा जन्म, सोळाव्या वर्षी बाप गेला, मग घर चालवायला चामड्याच्या कामाला लागला. यावर कोणी दोन ओळीसुद्धा धड लिहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या कॅनडाच्या लोकांच्या सर्व्हिस फाइली, ४४ हजारांवर आहेत, कॅनडाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्जने खुल्या केल्यात, त्या बघ. भरती होतानाचा फॉर्म, मेडिकल, दातांचे तक्ते, घरच्यांना गेलेली पत्रं, असलं सगळं असतं अशा फायलींत. त्याच्या स्क्वाड्रनचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, म्हणजे रोजच्या कामगिरीची नोंदवही, पण बघ, ४१९ नंबर, इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्ज तळाचं. सुरुवातीच्या नोंदीत ती आग आणि सॅल्यूट सापडायचा नाही, कारण तेव्हा ते कोणाला माहीतच नव्हतं.

मला खरं तिथेच अडकायला होतं. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटनच्या बॉम्बर विमानांच्या दलाचे, ५५,५७३ गेले, त्यात जवळपास १० हजार कॅनडाचे. किती विमानांतून सातच्या सात गेले. तिथे कोण कोणासाठी मागे वळलं हे सांगायला ब्रॉफीच नाही.

अजून एक, हे तुला माहीत नसेल. मायनार्स्कीचं ते विमान, केबी ७२६, आपल्या टोरंटोजवळच्या माल्टनमधे बनलं होतं, पिअर्सन विमानतळाच्या इथे फॅक्टरी होती, ४३० लँकेस्टर काढली त्यांनी. आपण जिथून दर शनिवारी भाजी आणतो त्या बाजूला! मी इतकी वर्षं त्याच भागात कामाला जातोय आणि मला हे तुझ्यामुळे कळलं. हॅमिल्टनच्या म्युझियममधे एक लँकेस्टर अजून उडतं, मायनार्स्कीच्याच नावाचं, तेही इथलंच. उन्हाळ्यात आलास की जाऊ, आई पण येते म्हणतेय, तिकीट किती असतं बघते म्हणाली, म्हणजे बहुतेक येणार नाही.

बाकी ठीक. कानटोपी घालत जा. आणि फाइल उघडलीस की भरतीच्या फॉर्मवर खेळ आणि छंद विचारलेले असतात, तिथे त्याने काय लिहिलंय ते मला आधी फोन करून सांग.

तुझा,
बाबा