माइकच्या आधी खोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी लागणाऱ्या साहित्याची यादी प्रसिद्ध झाली होती. तिचे कात्रण घेऊन माझा एक विद्यार्थी परवा घरी आला. मी अंबाजोगाईत गेली सत्तावीस वर्षे पेटी आणि गायन शिकवतो. या मुलाचा गळा चांगला आहे, भारुड तर तो असे म्हणतो की ऐकणाऱ्याने हातातले काम खाली ठेवावे. आणि त्याच्या वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून या यादीसाठी चाळीस हजार रुपये बाजूला काढले होते. यादीतली एकही वस्तू वाईट नाही. चुकला आहे तो खरेदीचा क्रम, आणि त्या क्रमाने गेल्यास पैसा कसा पाण्यात जातो हे मी स्वतः भोगले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

२०१९ साली एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी मोठ्या पडद्याचा (म्हणजे आवाजाने थरथरणाऱ्या आतल्या पापुद्र्याचा) कंडेन्सर माइक घेतला. तो चालायला माइकच्या तारेतूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर लागते, म्हणून ती पुरवणारा आणि माइकचा आवाज संगणकात नेणारा ऑडिओ इंटरफेसही त्याच बिलात आला. आमची वरची खोली दहा बाय बाराची. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. तिथे बसून घेतलेला पहिला अभंग विहिरीत उतरून म्हटल्यासारखा ऐकू आला. शिवाय शेजारच्या बोअरची मोटार, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याच्या गाडीवरची आरोळी हे सारे माझ्या आवाजाइतकेच स्वच्छ उमटले होते. माइक बिघडला असे समजून मी तो परत नेला, तेव्हा दुकानदाराने त्याहून महाग माइक पुढे केला. बिघाड कुठेच नव्हता. कंडेन्सर माइकचा पडदा अतिशय हलका असल्याने तो बारीकसारीक आवाजही टिपतो. खोली चांगली असेल तर हा त्याचा गुण ठरतो आणि वाईट असेल तर त्याच गुणाची शिक्षा आपल्याला होते.

शेवटी भजनी मंडळाचा, जाळीला पोचे पडलेला शुअर एसएम ५८ मागून आणला. १९६६ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक माइक कीर्तनापासून प्रचारसभेपर्यंत सगळीकडे दिसतो. तोंडापासून चार बोटांवर धरून त्याच खोलीत तोच अभंग म्हटला, तर कुकर गेला, मोटार जवळजवळ गेली आणि विहीरही बरीच उथळ झाली. इतक्या जवळून म्हटले की अशा माइकमध्ये खर्ज फुगतो. त्यामुळे कोवळ्या आवाजाचा मुलगा भरदार वाटतो. मुळातच जड गळ्याचे बुवा असतील तर मात्र माइक वीतभर लांब न्यावा लागतो. ही गोष्ट माहितीपत्रकात वाचून कळत नाही, दहा वेळा म्हणून पाहिल्यावर कळते.

मुख्य मुद्दा खोलीचा आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा फुटांवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. इतक्या लवकर परतलेला आवाज कानाला वेगळा जाणवत नाही. तो मूळ आवाजात मिसळून त्याचा रंग पालटतो, आणि एकदा मिसळला की पुढे कितीही महाग सॉफ्टवेअर लावले तरी तो निर्भेळ वेगळा करता येत नाही. आमच्या जुन्या वाड्यात धान्याची एक खोली आहे. हातभर जाडीच्या ओबडधोबड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर माळवद, सारवलेली जमीन, कोपऱ्यात ज्वारीची पोती. स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवली की तिच्यामागे ‘टण्ण’ अशी शेपटी ऐकू येते. या खोलीत टाळी वाजते आणि तिथेच संपते. मराठवाड्यातल्या गावांमध्ये अशा खोल्या अजून उभ्या आहेत आणि आमची मुले त्या सोडून फरशीच्या नव्या खोलीत माइक मांडून बसतात.

ज्यांच्याकडे माळवद नाही त्यांनी दोरीवर गोधड्या टांगाव्यात, पण त्या कुठे टांगायच्या हे समजून घ्यावे. गाण्याचे बहुतेक माइक पुढून ऐकतात आणि मागून फार कमी ऐकतात. माइकचे तोंड गायकाकडे असते, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत त्याला सगळ्यात जास्त ऐकू येते. तेव्हा पहिली गोधडी गायकाच्या पाठीशी हवी. गोधडी वरच्या पट्टीतली झणझण शोषते, खालचा घुमारा तिला आवरत नाही. त्यासाठी जाडी लागते. गादीवाल्याकडून कापसाची जाड गादी भरून घेऊन ती कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर सोडून उभी केली तर फरक स्पष्ट जाणवतो. कापूस आमच्याकडे घरचा असतो, हा तेवढाच फायदा. फक्त गादी स्विचबोर्ड आणि बल्बपासून दूर ठेवावी. काही जण भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्याने घुमारा कमी होत नाही आणि बाहेरचा आवाजही अडत नाही. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत आणि फटी नसलेले दार लागते, ते नसेल तर पहाटेची वेळ धरावी. मे महिन्यात पंखा बंद ठेवून गाणे ही साधना निराळीच.

इंटरफेस कोणता घ्यावा यावर मुले आठवडे घालवतात. एक गळा आणि एक पेटी, किंवा तबल्याचा दायां आणि डग्गा यांना एकेक माइक, एवढ्यासाठी दोन इनपुटचा साधा इंटरफेस पुरतो. त्याहून अधिक वेळ गेनचे, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे बटण शिकण्यावर जावा. संगणकावरच्या ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढे गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून शिगेचा आवाजही उणे १० ते १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी धरावी. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट ही बारीक आवाजही नीट नोंदवणारी मांडणी निवडून मुद्रण केले तर एवढी मोकळी जागा सोडल्याने काही बिघडत नाही. माझ्या या विद्यार्थ्याने पातळी लावायला भारुडाची पहिली, बोलल्यासारखी ओळ म्हटली आणि तिसऱ्या कडव्यात टाहो फोडला, तेव्हा लाल दिवा लागून सगळे मुद्रण वाया गेले. आता आम्ही सगळ्यात वरची ओळ आधी पूर्ण ताकदीने म्हणून घेतो, बटण लावतो आणि मग सुरुवातीला येतो.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो ही दुसरी नेहमीची तक्रार. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे देतो. तो सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो, त्या हिशोबाने २५६ नमुन्यांचा साठा म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद, १०२४ नमुन्यांचा म्हणजे २३, आणि हे फक्त आवाज आत येण्याचे झाले, बाहेर जाण्याचे वेगळे. तेवढ्या उशिराने आपलाच सूर कानी पडला की ताल सुटतो. मुद्रणाच्या वेळी साठा लहान ठेवावा, किंवा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारे डायरेक्ट मॉनिटरचे बटण इंटरफेसवर असते ते चालू करावे. नवा लॅपटॉप घेण्याआधी हे बटण दाबून पाहा, एवढीच विनंती.

पेटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यादीत तिचा उल्लेखच नव्हता. एका दुपारी मी पेटीभोवती एकेक वीत माइक सरकवत बसलो होतो. पट्ट्यांजवळ ठेवला तर स्वरापेक्षा खटखट जास्त येत होती, भात्याजवळ ठेवला तर पेटीला दमा झाल्यासारखे वाटत होते. झाकणाच्या वर दीड फुटावर, माइकची पाठ भात्याकडे करून ठेवला तेव्हा स्वर सुटा आला. दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे सुराच्या उंचीची. तंबोऱ्याचे ॲप आणि संगणकाला जोडायचा मिडी कीबोर्ड यांची मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर धरलेली असते. माझ्या जुन्या पेटीची तीच पट्टी ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, ४४४ दाखवते. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला चार वेळा हेलकावतो. मुलांना वाटते इफेक्ट लागला. पेटीचे सूर घासण्यापेक्षा ॲप आणि कीबोर्ड ४४४ वर आणणे सोपे आहे, आणि तेच आधी करायला हवे.

तालाचेही तसेच आहे. सॉफ्टवेअर उघडले की ठोक्याचा क्लिक सुरू होतो आणि तो शेवटपर्यंत हलत नाही. आपला अभंग संथ सुरू होतो, चढत जातो आणि गजराला पोचेपर्यंत दुप्पट होतो. क्लिकच्या दावणीला बांधलेला गजर मी ऐकला आहे. टाळकरी हातात टाळ धरून नुसते बसले आहेत असे वाटते. आधी पखवाज आणि गळा एकत्र, क्लिकशिवाय घ्यावा आणि बाकीची वाद्ये त्यावर चढवावीत. चित्रपटगीताच्या धर्तीवर काही करायचे असेल तर क्लिक जरूर वापरावा.

सॉफ्टवेअरसाठी पैसे लागत नाहीत म्हटले तरी चालेल. ऑडॅसिटी २००० सालापासून मोफत उपलब्ध आहे. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो. पेनड्राइव्हवरून आलेल्या चोरीच्या प्रतीने माझ्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप आणि त्यातली सहा महिन्यांची गाणी दोन्ही घालवली. हेडफोन कान पूर्ण झाकणारा घ्यावा, नाहीतर तंबोरा हेडफोनमधून झिरपून माइकात जातो. मिश्रण झाले की ते मोबाइलवर, टमटममध्ये आणि ट्रॅक्टरच्या डेकवर वाजवून पाहावे, कारण गावात ते तिथेच वाजणार आहे. मुद्रणात सतत ‘घूं’ येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून पाहावा आणि घरचे अर्थिंग तपासून घ्यावे; प्लगची जाड पिन तोडून बसवण्याची आपल्याकडची सवय तर जिवावर बेतणारी आहे.

आता शिकायचे कुठे? आमची मुले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा देतात, पण माइकसमोर कसे बसावे हे त्यांना कोणी दाखवत नाही. मला ते परभणी आकाशवाणीच्या स्टुडिओत एका ध्वनिमुद्रकाने दाखवले. त्यांनी काही समजावले नाही, येऊन माझी पेटी हातभर मागे सरकवली आणि आत जाऊन काचेमागून मान डोलावली. अशी माणसे निवृत्त होऊन जिल्ह्याच्या गावांत राहत आहेत. मराठवाड्यातल्या ज्या महाविद्यालयांत संगीत विभाग आहेत, त्यांनी वर्षातून दोन रविवार खोली उघडून या मंडळींना बोलावले, तर खर्च चहापाण्याचा येईल.

याची घाई आहे, कारण गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आणि पैठणच्या नाथांची भारुडे ज्यांच्या तोंडी गावच्या चालीने आहेत, त्या बायका-माणसांची वये झाली आहेत. माझ्या मावशीच्या जात्यावरच्या ओव्या मी त्याच धान्याच्या खोलीत साध्या मोबाइलवर घेतल्या, जात्यापासून दूर, तिच्या खांद्याच्या उंचीवर फोन ठेवून. जात्याची घरघर मागे राहिली आणि ओवी पुढे आली. त्याच ओव्या दोन वर्षांपूर्वी लग्नघरी घेतल्या होत्या, त्यात मांडवातल्या डीजेखेरीज काही ऐकू येत नाही.

आपल्या पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असल्यास त्यात खोली, गेन आणि पट्टी यांना जागा द्यावी. त्या मुलाच्या वडिलांनी तूर्त दोन इनपुटचा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, त्याचा स्टँड आणि झाकणारा हेडफोन एवढेच घेतले आहे. गाद्या घरच्याच कापसाच्या भरल्या, आणि उरलेले पैसे खरिपाच्या बियाण्यासाठी ठेवले आहेत.

आपला,
एक संगीतशिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड