'पाण्याने सुमेर बुडाला' हा दाखला पुरा सांगावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीवरचे लेख आणि मेळाव्यांतील भाषणे आपल्या दैनिकात नेहमी येतात. त्यांत एक वाक्य हमखास असते : 'पाण्याच्या अतिवापराने सुमेरी संस्कृती नष्ट झाली.' वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत मीठ फुटलेली राने समोर दिसत असताना हा दाखला आठवणे साहजिक आहे. दाखला चांगलाच आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो आणि जो अर्धा राहून जातो तोच आपल्या शेतकऱ्याच्या कामाचा आहे. म्हणून हे पत्र.

सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. तिथल्या तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना पूर येई एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे जव कापणीला आलेला असताना. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. तेव्हा नदी खाली गेलेली असे आणि दक्षिण इराकात पाऊस जेमतेम 150 मिलिमीटर. त्यामुळे पुरापासून पीक वाचवायला बांध आणि पेरणीला पाणी आणायला कालवे, ही दोन्ही कामे हजारो माणसे एकत्र आल्याशिवाय होत नव्हती. इ.स.पू. 3500 ते 3100 या काळात उरुक येथे जगातले पहिले मोठे नगर उभे राहिले आणि त्या काळाच्या अखेरीस तेथे लिपी आली. तिथल्या सुरुवातीच्या मातीच्या पाट्यांवर राजांच्या कथा नाहीत. बहुतेक पाट्या धान्य, जनावरे आणि मजुरांचा शिधा यांचे हिशेब आहेत. नाईलचे गणित उलटे होते. तिचा पूर जुलै-सप्टेंबरमध्ये येई, ऑक्टोबरात ओसरताना जमिनीतले क्षार धुऊन नेई आणि ओल्या गाळावर लगेच पेरणी होई. म्हणून इजिप्तमध्ये हजारो वर्षे शेती करूनही, बारमाही कालवे येईपर्यंत, क्षारपडीचा रोग तसा फैलावला नाही.

क्षार येतात कुठून? पाण्यातूनच. पिण्यास गोड लागणाऱ्या पाण्यातही लिटरला 300 मिलिग्रॅम क्षार असू शकतात. असे पाणी वर्षभरात एकूण दोन मीटर उंचीचे दिले, आणि उसाला इतके पाणी सर्रास दिले जाते, तर एकरी सुमारे 8000 घनमीटर पाण्याबरोबर जवळजवळ 2.4 टन क्षार रानात उतरतात. पाणी पीक पिते, उरलेले उन्हाने उडते. क्षार मागे राहतात. त्यांना खाली धुऊन बाहेर काढणारी वाट नसेल तर भूजल वर चढते. ते जमिनीपासून दीड-दोन मीटरच्या आत आले की माती केशाकर्षणाने पाणी वर ओढते आणि पांढरा थर दिसू लागतो. बगदाद समुद्रसपाटीपासून अवघे 34 मीटर उंच आहे आणि आखात तिथून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर; म्हणजे किलोमीटरला सहा-सात सेंटिमीटर उतार. सुमेरच्या शेतकऱ्याची खरी अडचण ही होती. पाणी आणता येत होते, काढून देता येत नव्हते.

आता आकड्यांकडे. प्राचीन इराकचे अभ्यासक थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1958 मध्ये भांड्यांवरचे दाण्यांचे ठसे आणि पाट्यांवरच्या नोंदी यांवरून मांडले की इ.स.पू. 3500 च्या सुमारास दक्षिणेत गहू आणि जव जवळपास सारखे होते, 2500 च्या सुमारास गहू एक षष्ठांशावर आला आणि 1700 पर्यंत पूर्ण गेला. गिर्सू येथे इ.स.पू. 2400 च्या सुमारास हेक्टरी 2537 लिटर उतारा होता, 2100 ला तो 1460 झाला, तर लार्सा भागात 1700 ला 897. भाषणांतले वाक्य याच आकड्यांवर उभे आहे. पण 1985 मध्ये सुमेरी पाट्यांचे अभ्यासक मार्विन पॉवेल यांनी यावर कडक आक्षेप घेतले. वेगवेगळ्या ठिकाणच्या आणि काळांच्या मापांतून एक सरळ उतरती रेघ काढता येत नाही, आणि क्षार धुण्याचे ज्ञान त्या शेतकऱ्यांना होते, असे त्यांचे म्हणणे. जव वाढला तो केवळ मिठामुळे, असेही नाही. शिधा जवात मोजला जाई (उर या सुमेरी नगराच्या तिसऱ्या राजवंशात पुरुष मजुराला महिन्याला 60 सिला, म्हणजे साधारण 60 लिटर), बिअर जवाची आणि पीक गव्हाआधी हाती येई. जी सत्ता जवात पगार देते ती जवच पेरायला लावणार. शिवाय उर पडले ते इ.स.पू. 2004 मध्ये पूर्वेकडच्या एलामी लोकांच्या स्वारीने, आणि पुढच्या काळात युफ्रेटिसचे प्रवाहही सरकले. तेव्हा 'नष्ट झाली' हे क्रियापद जपून वापरावे. क्षारांनी उत्पन्न खाल्ले, सत्तेची ताकद पोखरली, इतके म्हणायला आधार आहे.

भाषणांत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे पडीक रान. सुमेरमध्ये दरवर्षी साधारण निम्मी जमीन पडीक ठेवत. पडीक रानात दोन काटेरी झुडपे आपोआप वाढत, एक आपल्या शमीच्या कुळातले, दुसरे जवाशाच्या. दोन्हींची मुळे खूप खोल जातात. ती खालचे पाणी पिऊन टाकतात, भूजल खाली बसते, मुळांखाली कोरडा थर तयार होतो आणि पुढच्या हंगामाचे पाणी वरचे क्षार घेऊन त्या थरात उतरते. दोन्ही शेंगवर्गीय असल्याने नत्रही मिळते. पंप नाही, पाईप नाही, तरी हा जिवंत निचराच होता. पुरातत्त्वज्ञ मॅकग्वायर गिब्सन यांनी 1974 मध्ये दाखवले की तिथल्या मध्यवर्ती सत्तेला जास्त धान्य हवे झाले, पडीक ठेवायच्या रानातही पेरा करवला गेला, आणि पाणी वर चढून वर्ष-दोन वर्षांच्या लाभाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. आपल्याकडे लावण, खोडवा, पुन्हा खोडवा अशी बिनविसाव्याची साखळी चालते. रानाला वाफसा येण्याआधीच पुढची पाळी येते. रानाचा तो विसावाच आपण गमावला आहे.

पाणी भरपूर मिळाले की काय होते तेही तिथे दिसते. उम्मा आणि लागाश ही शेजारची राज्ये पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या लढली. शेवटी इ.स.पू. 2400 च्या सुमारास लागाशच्या एन्मेतेनाने तैग्रिसवरून स्वतंत्र कालवा आणला. उम्माची मनधरणी संपली, पण त्याच पाण्याच्या सुकाळाने लागाशचे भूजल वर आले, असा जेकबसन-अ‍ॅडम्स यांचा तर्क आहे. उलट शेतीच्या सूचना देणारी एक सुमेरी पाटी जवाला तीन पाळ्या सांगते आणि चौथीआधी पिकावर तांबूस रोग आला आहे का ते बघ, म्हणते. पाणी पिकाच्या अवस्थेवर ठरत होते. आपल्याकडे ते आठवड्याच्या वारावर ठरते.

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यातील (इ.स.पू. 1750 च्या सुमारास) 53 ते 56 ही कलमे याच विषयाची आहेत. बांध न राखल्याने किंवा पाट मोकळा सोडल्याने शेजाऱ्याचे रान बुडाले तर धान्याने भरपाई. एका प्रकारात दर बुरला, म्हणजे सुमारे साडेसहा हेक्टरला, 10 गुर, साधारण 3000 लिटर. पण या कलमांत पाझराचा उल्लेख नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याला दंड आहे, जमिनीखालून जाणाऱ्याला नाही. वरच्या रानाचे पाणी दहा वर्षांनी खालच्या रानात मीठ होऊन निघते, तेव्हा दोष कुणाचा, हा प्रश्न कृष्णाकाठीही मोकळाच आहे.

आपल्याला मात्र एक मोठी सोय आहे : उतार आहे, ओढे आहेत. म्हणून सच्छिद्र पाईप निचरा इथे चालतो, पण तो करताना होणाऱ्या चुका ओळखून. पाईप साधारण एक ते सव्वा मीटर खोल, भोवती गाळणीचे कापड, काळ्या रानात ओळी जवळ, हलक्या रानात लांब. आधी माती तपासावी. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना धरून असलेले) सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण जमीन आहे. तिथे मातीचे कण फुटून छिद्रे बुजलेली असतात, पाणी पाईपापर्यंत पोचतच नाही. तेव्हा आधी जिप्सम, मग भरपूर पाणी देऊन धुणे. ज्वारी-जवाच्या भरवशावर उसाचा हिशेब करू नये : मातीतले क्षार मोजायच्या 'डेसिसायमन प्रति मीटर' या मापात जव 8 पर्यंत तग धरतो, गहू 6, ऊस 1.7 च्या पुढे उतारा गमावू लागतो. एकट्याने पाईप घालून फारसे साधत नाही, कारण भूजल बांध ओळखत नाही. आणि ज्या ओढ्यात निचऱ्याचे पाणी सोडायचे तोच गाळाने, भरावाने बुजलेला असेल तर पाईप उलटा रानात पाणी आणतो.

संपादकांना विनंती एवढीच. क्षारपडीची बातमी देताना सुमेरच्या एका वाक्याऐवजी त्या गावचे एकरी पाणी, उन्हाळ्यात भूजल किती फुटांवर आहे ते, निचऱ्याचे पाणी कोणत्या ओढ्याला जाते आणि तो ओढा कुठे बुजला आहे, एवढे छापावे.

आपला,
मृदाशास्त्राचा एक अभ्यासक,
मिरज, जि. सांगली