थोडी जागा द्या

इंदूर,
१८ जानेवारी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला त्याच रात्री बसलो होतो, पण मेळ्यातला प्रसंग तू ज्या चार ओळींत उरकला आहेस त्या वाचल्यावर घाईने काहीतरी लिहून पाठवणे मला बरे वाटेना. तुझी छकुली आकाशपाळण्याजवळच्या कर्ण्यांखाली जमिनीवर आडवी झाली, वहिनी तिच्या शेजारी बसल्या, भोवती माणसांचे कडे झाले आणि त्यातल्या एकाने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केले, एवढेच तू लिहिलेस, आणि लगेच पुढच्या वाक्यात उन्हाळ्यातली पचमढीची सहल रद्द केल्याचे कळवलेस. शेवटी विचारले आहेस, की तुम्ही सोनूला घेऊन नाताळात बडोद्याला जाऊन आलात, तर तिथे लोकांचे काय केलेत. सोनूचे काय केलेत असे तू विचारले नाहीस, लोकांचे विचारलेस. त्यावरूनच तुला नेमके काय लागले आहे ते समजले.

घराबाहेर हे अधिक लागते, याला कारण आहे. आमचा सोनू तुझ्या छकुलीसारखाच स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, आणि आमच्या गल्लीत तो नऊ वर्षे वाढला आहे. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याला ठाऊक आहे, की याच्या पोह्यांवर काही भुरभुरायचे नाही आणि शेव वेगळ्या कागदात द्यायची. समोरच्या आजींना ठाऊक आहे, की तो हात फडफडवत उड्या मारतो तेव्हा त्याला आनंद झालेला असतो. ही ओळख व्हायला वर्षे लागली, आणि त्या वर्षांत आम्हीही पुष्कळ ऐकून घेतले. प्रवासाला निघालो की ती सगळी पुंजी घरीच राहते. डब्यातला, हॉटेलातला, देवळाच्या रांगेतला प्रत्येक माणूस नवा असतो. स्वमग्नता चेहऱ्यावर दिसत नाही, आणि त्याला दिसते ते एवढेच, की धडधाकट मुलगा किंचाळतो आहे आणि आईवडील त्याला रागावतसुद्धा नाहीत.

आता जे लिहितो आहे ते मी घराबाहेर कोणाला सांगितलेले नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मुंजीसाठी गाडीने पुण्याला निघालो होतो. समोरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ होते, मराठी, आपल्यातलेच; रामबागेत राहणाऱ्या त्यांच्या आतेभावापर्यंत ओळख निघाली होती. रात्री डब्यातला एक दिवा लुकलुकू लागला. त्या लुकलुकण्याने सोनूला काय होत असेल हे मला वेळीच कळायला हवे होते, पण माझ्या ध्यानात येईपर्यंत तो कानांवर हात ठेवून किंचाळू लागला होता आणि डोके खिडकीवर आपटत होता. शेजारच्या बाकांवरून माणसे डोकावली. त्या गृहस्थांनी आधी हिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि अगदी शांतपणे, हिताचे सांगावे तशा सुरात म्हणाले, "दोन ठेवून द्या, आपोआप सरळ होईल." आणि मी सोनूच्या पाठीत धपाटा घातला.

मित्रा, त्या धपाट्याचा सोनूशी काही संबंध नव्हता. हट्ट करणारे मूल मधूनमधून आपल्याकडे पाहते आणि हवे ते मिळाले की थांबते. मेल्टडाउनमध्ये मुलाला कोणाकडे पाहण्याइतकीही फुरसत नसते, कारण आवाज, उजेड आणि स्पर्श यांचा मारा त्याला सोसवेनासा झालेला असतो आणि तो ओसरेपर्यंत त्याला स्वतःला आवरता येत नाही. हे मला ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, बाईंनी कितीदा समजावून सांगितले होते आणि मला ते पटलेलेही होते. तरी मी मारले, कारण त्या डब्यातल्या माणसांना मला दाखवायचे होते, की मी मुलाला वळण लावणारा बाप आहे. ज्यांची नावे मला ठाऊक नव्हती आणि जी सकाळी पुण्याला उतरून आपापल्या वाटेने जाणार होती, त्या माणसांसाठी मी माझ्या मुलाला मारले.

पुढे जे झाले ते याहून जड होते. सोनू ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी, त्याच सुरात पुन्हा म्हणतो हे तू पाहिले आहेस. पुण्याहून परतल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी न्हाणीघरातून त्या गृहस्थांचा आवाज आला: "दोन ठेवून द्या, आपोआप सरळ होईल." तोच संथ सूर, "आपोआप"वरचा तोच जोर. जवळजवळ पाच महिने तो ते वाक्य म्हणत राहिला, जिना चढताना, दात घासताना, झोप लागण्याच्या आधी. हिला ते ऐकवत नसे आणि ती उठून स्वयंपाकघरात जाई. याला काही कळत नाही, असे समजून लोक त्याच्यासमोर बोलतात याचा मला नेहमी राग येत असे, पण मीही त्याच्या डोक्यावरून भेटेल त्याला "याला ऑटिझम आहे हो, माफ करा" असे म्हणत आलो होतो. तेही त्याने साठवले असणार. अजून म्हटलेले नाही इतकेच.

म्हणून तू विचारलेस त्याचे माझे उत्तर असे आहे, की लोक काय म्हणतील ते मला थांबवता आलेले नाही, पण त्यांना खूश करण्यासाठी मी सोनूशी काय करतो ते माझ्या हातात आहे. माफी मागणे मी बंद केले आहे. नऊ वर्षांच्या मुलाने आपल्या असण्याबद्दल बापाला माफी मागताना रोज ऐकावे, हे मला योग्य वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला उशिरा दिसली आणि तिची मला लाज वाटते. बोल नेहमी हिलाच लागत. मी सोनूला कडेवर घेऊन गर्दीतून बाहेर काढले, तर लोक मला "वा, किती मदत करता" म्हणत. हिने तेच केले, तर "लाड फार केलेत" म्हणत. या दोषाला लांबचा इतिहास आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत १९४३ साली ११ मुलांविषयी निबंध लिहिला आणि या अवस्थेला वैद्यकात जागा मिळाली, पण त्यानंतर कितीतरी वर्षे डॉक्टरांमध्येही असा समज होता, की आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते. १९६४ साली मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी तो समज मुद्देसूद खोडून काढला, आणि ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. वैद्यकाने ती चूक मागे टाकून अर्धे शतक उलटले, पण रेल्वेच्या डब्यात ती अजून तशीच आहे. मेळ्यातही वहिनींनाच ऐकावे लागले असेल, अशी माझी खात्री आहे. तू त्या वेळी कुठे उभा होतास हे तू लिहिलेले नाहीस, आणि मी विचारत नाही, कारण मी स्वतः कुठे उभा राहत असे ते मला आठवते. सात वर्षे मुलाला सांभाळण्याचे आणि लोकांना तोंड देण्याचे अशी दोन्ही कामे हिनेच केली. आता लोकांशी बोलण्याचे काम माझे आहे, ती फक्त सोनूजवळ बसते आणि कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देत नाही.

बोलायचे वाक्य आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. "त्याला आवाजाचा त्रास होतो आहे, थोडी जागा द्या." निदान सांगायचे नाही, कारणे द्यायची नाहीत. बडोद्यासाठी मी ते गुजरातीतून शिकलो होतो, "थोडी जग्या आपो". कमाटीबागेच्या फाटकाशी एका फटफटीच्या आवाजाने सोनू खाली बसला, तेव्हा ते पहिल्यांदा कामी आले. मी म्हणालो, आणि माणसे खरोखरच दोन पावले मागे सरली. एका फुगेवाल्याने तर मागून येणाऱ्यांना बाजूने जायला सांगितले. थबकून पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपण काय करावे हे सुचत नसते, असे मला आता वाटते. करण्याजोगे काम सांगितले की ते करतात. सगळेच करतात असे नाही. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या भोजनकक्षात शेजारच्या टेबलावरून तक्रार गेली आणि व्यवस्थापकाने आम्हाला खोलीत जेवण्याची सूचना केली. त्या रात्री सोनू थकलेला होता म्हणून आम्ही खोलीतच जेवलो, पण दुसऱ्या दिवशी गर्दी होण्याआधी, सात वाजता खाली उतरलो आणि दाराजवळच्या टेबलावर बसलो. आम्हाला कोणी उठवले नाही.

बाकी तयारी म्हणशील तर थोडकीच होती. दिवसाला एकच ठिकाण, उघडताक्षणी आत शिरायचे आणि त्याने हात धरून ओढले की बाहेर पडायचे, उरलेले पाहायचे राहिले तरी चालेल. प्रत्येक ठिकाणाचे चित्र आदल्या रात्री त्याला दाखवायचे. शेव इंदूरहून नेली होती. गरबा आणि उत्तरायणाचे पतंग या दोन्हींचे दिवस टाळले होते.

लक्ष्मीविलास राजवाड्यात एक गोष्ट घडली ती तुला सांगितलीच पाहिजे. तो १८९० साली बांधून पूर्ण झाला वगैरे मी वाचून गेलो होतो, पण त्यातले मला आता फारसे आठवत नाही. तिथे माहिती सांगणारे ध्वनियंत्र देतात, त्यामुळे आसपासच्या बऱ्याच जणांच्या कानाशी काहीतरी होते, आणि सोनूच्या कानांवरचे आवाज अडवणारे मोठे हेडफोन कोणाच्या नजरेतच भरले नाहीत. चाळीस मिनिटे आमच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. दरबार हॉलच्या दाराशी ही थांबली आणि म्हणाली, "बघ, कोणी बघत नाही." तिचे डोळे भरून आले होते. आपण किती वर्षे खांदे आखडून चालत आहोत हे मला तिथे कळले.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी तो मासा वाहून आला होता. सोनू त्याच्या मणक्यांपुढे उभा राहिला आणि मोठ्याने मोजू लागला. चुकले असे वाटले की पुन्हा पहिल्यापासून. एक बाई बराच वेळ आमच्याकडे पाहत होत्या. माझे वाक्य ओठांवर आले होते, एवढ्यात त्या जवळ येऊन हिला म्हणाल्या, की त्यांचा भाचा असाच आहे, आता वीस वर्षांचा आहे, आणि त्यालाही हा मासा फार आवडतो. पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात दोषच असतो, असे धरून मी इतकी वर्षे चाललो होतो. त्यात माझ्याकडून किती माणसे निसटली असतील, याचे मला वाईट वाटते.

गळ्यात खूण घालावी का, असेही तू विचारले आहेस. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर वरून न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून गळ्यात घालायची सूर्यफुलांची हिरवी पट्टी सुरू झाली आणि ती आता आपल्याकडे बंगळुरूच्या विमानतळावरही मिळते. जिथले कर्मचारी ती ओळखतात तिथे मी ती जरूर घालीन. मेळ्यात ती कोण ओळखणार? शिवाय सोनूला ती गळ्यात हवी आहे का, हे त्याला विचारण्याचा मार्ग मला आधी शोधावा लागेल.

त्या चित्रीकरण करणाऱ्याबद्दल मात्र मी वेगळे सांगतो. पाहणे निराळे आणि हे निराळे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे त्यांत स्वमग्नता आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये, चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मानहानीच्या हेतूने अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. त्या माणसाचा हेतू तसा होता की नाही हे मी कसे सांगणार, आणि मी हे कलम कधी वापरलेले नाही. पण ते ठाऊक झाल्यापासून मी असल्या माणसापुढे विनवणी करीत नाही. मोबाइलसमोर उभा राहतो, पाठ सोनूकडे करतो आणि "बंद करा" एवढेच म्हणतो. पुढच्या वेळी तू छकुली आणि तो मोबाइल यांच्या मध्ये उभा राहा.

पचमढी रद्द करू नकोस, निदान आताच करू नकोस. त्याआधी आमची एक विनंती आहे. रंगपंचमीला इथे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मोठी मिरवणूक, निघते. त्या दिवशी सोनूला घराची दारे लावूनही चैन पडत नाही, म्हणून आम्ही ते चार दिवस गाव सोडतो. या वर्षी तुमच्याकडे ग्वाल्हेरला यावे असे मनात आहे. सकाळी लवकर सगळे मिळून किल्ल्यावर जाऊ. तिथल्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरच्या निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग आहे, सोनू ती नक्की मोजणार. छकुलीला मोजणे आवडत नसेल तर ती तिला आवडेल ते करील, आणि आपण चौघे आहोत, दोघे मुलांजवळ बसतील आणि दोघे बोलतील. तुमच्याकडे रंगपंचमीला गल्लीत डीजे लागतो का, हे आधी विचारून कळव.

आणि छकुलीला कोणते आवाज सोसत नाहीत ते वहिनींना विचारून सविस्तर लिही. सोनूला कुकरची शिटी आणि मिक्सर सोसत नाहीत. तो अंगणात असतानाच वरण शिजवून घ्यावे लागेल.

वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
बाळमित्र