काका, तुम्ही आधी चिखल हातात घ्यायला लावलात

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषय बदललात आणि टायरमध्ये हवा किती ठेवलीस ते विचारलंत. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. गाडीला चिखलाचे टायर घालायचा विचार करणाऱ्या आणखी कुणाला तुमचं सांगणं उपयोगी पडलं तर मला आनंदच होईल.

ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. रोपवाटिकेकडे जाणारा शेवटचा सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता, मागे तीनशे रोपं, आणि गाडी फोर बाय फोरमध्ये, लो गिअरवर असूनही जागची हलत नव्हती. चारही चाकं नुसती गरगरत होती. तुम्ही ट्रॅक्टर थांबवून दोर आणलात, पण तो बांधण्याआधी खाली बसलात आणि मागच्या टायरवरून हात फिरवलात. नक्षी दिसतच नव्हती. सगळ्या खाचा लिंपल्यासारख्या भरून टायर गुळगुळीत झाला होता. "गाडीचा काही दोष नाही पोरी," तुम्ही म्हणालात, "टायरला चिखल झटकता येत नाही." दोन पावसाळे मी त्या गाडीला बोल लावत होते. तुमच्या त्या एका वाक्याने मला हायसं वाटलं.

त्या रात्रीच मी मोठे टायर बघायला बसले. 285/75 R16 मनात भरले होते, रुंद, दणकट, बाहेरून दांडगी नक्षी. तुम्हाला फोटो पाठवला तर तुम्ही चांगलं-वाईट काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन त्या रस्त्यावर आलात.

त्या सकाळसाठी मी तुमची सगळ्यांत जास्त ऋणी आहे. चाकोरीतली मूठभर माती उचलून तुम्ही दोन तळहातांमध्ये वळलीत. पेन्सिलीएवढी दोरी झाली, वाकवली तरी तुटली नाही. मग मला वळायला लावलीत. बोटांना चिकटून बसली, धुवायला पाणी लागलं. चिकणमाती. ती खाचेत शिरली की आपणहून बाहेर पडत नाही, चाकाच्या फिरण्याने फेकली गेली तरच जाते, आणि खाचा अरुंद असतील तर फेकली जात नाही. मग तुम्ही चाकोरीत पहार दाबलीत. वीतभर सहज गेली आणि खाली कठीण लागलं. दहा ठिकाणी बघितलं, आठ ठिकाणी तेच. "खाली मुरूम आहे. तुला चिखलावर तरंगायचं नाही, तो कापून मुरुमाला पोहोचायचं आहे." रुंद टायरचा विचार माझ्या डोक्यातून तिथेच गेला. तळच लागत नाही अशा दलदलीत किंवा वाळूत रुंद टायर कामाचा, कारण तो भार पसरवतो. वीतभर चिखलाखाली घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर खाली जाऊन पकड घेतो. हे मी वाचलेलं होतं, पण पहार मुरुमावर वाजल्याचा आवाज ऐकेपर्यंत ते माझ्या रस्त्याला लावून बघितलं नव्हतं.

मग कागद काढलात. गाडीचे मूळ टायर 245/70 R16. रुंदी 245 मिलिमीटर, उंची तिच्या 70 टक्के, रिम 16 इंची; एकूण व्यास साधारण 749 मिलिमीटर. तुम्ही सुचवलेला 235/85 R16 रुंदीला 10 मिलिमीटर कमी, पण व्यास जवळजवळ 806. उंचीला तो 265/75 R16 च्या बरोबरीचा आणि रुंदीला त्याहून 30 मिलिमीटर कमी. उंची मिळवायला रुंदी वाढवावीच लागते असं मी धरून चालले होते. व्यास 57 मिलिमीटर वाढला म्हणजे गाडी तेवढी वर जात नाही, त्याच्या निम्मी, 28 मिलिमीटरच्या आसपास, हेही त्याच कागदावर कळलं. आणि काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी हिशेबाने 86 ने धावत असेल. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर थोडा लांबतो, लो गिअरमधली ताकदही त्या प्रमाणात उतरते. तुम्ही हे आधीच सांगितलंत, म्हणून नंतर चढावर गाडी जड वाटली तेव्हा मी घाबरले नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण इथे बरेच जण घाईने ठरवतात. तुम्ही मला लगेच मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाचे टायर, घ्यायला सांगितले नव्हतेत. महिनाभर वही ठेवायला सांगितलीत, डांबर किती, खडी किती, चिखल किती. चिखल पाचातला एक भाग निघाला. "या हिशेबाने ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या रस्त्यांना चालणारे टायर, पुरेत," तुम्ही म्हणालात, आणि लगेच विचारलंत, "पण तो एक भाग चुकवता येतो का?" येत नाही. रोपं तिथेच आहेत आणि लागवडही ऐन पावसातच होते. तेव्हा कुठे तुम्ही मड-टेरेनला हो म्हणालात, तेही त्याचे दोष सांगून. डांबरावर घूं आवाज करतो, लवकर झिजतो, इंधन जास्त खातो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला उशिरा थांबतो, कारण मोठ्या ठोकळ्यांवर पाणी तोडणाऱ्या बारीक चिरा फार कमी असतात. वाळूत तर तो खड्डाच खणत बसतो. चिखल चुकवता येत असेल, किंवा वर्षातून दोनदाच लागत असेल, तर ऑल-टेरेन घ्यावेत असं माझंही आता ठाम मत आहे.

टायर बघताना तुम्ही खाचेत तर्जनी घातलीत. बोट आडवं सहज बसलं पाहिजे आणि तळाशी छोटे उंचवटे हवेत, दगड अडकू नये म्हणून. खांद्यावरचे ठोकळे कडेवर खाली उतरलेले हवेत, म्हणजे टायर चाकोरीच्या भिंतीलाही धरतो. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, अंगठ्याने दाबून बघितलीत. चिरलेल्या साइडवॉलला पॅच चालत नाही, म्हणून ती जाड असलेली बरी. मग टॉर्च लावून तारखेचे चार आकडे वाचायला शिकवलंत. 3219 असेल तर 2019 सालचा 32 वा आठवडा. मला दाखवलेल्या पहिल्या पाचांत दोन टायर बाकीच्यांपेक्षा चार वर्षांनी जुने होते. रबर नुसतं पडून राहूनही कडक होतं हे मला माहीत नव्हतं. एकटी गेले असते तर घेऊन आले असते.

120 आणि क्यू या खुणांचाही अर्थ तुम्हीच लावून दिलात. एका टायरवर 1400 किलोपर्यंत भार आणि ताशी 160 किलोमीटरपर्यंत वेग. साइडवॉलवर 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं बघून मी तेवढी हवा भरायला निघाले होते, तेव्हा तुम्ही हात धरलात. ती मर्यादा आहे, सल्ला नव्हे. नेमकी किती भरायची ते खडूने ठरवलंत. नक्षीवर आडवी रेघ ओढायची, सरळ थोडं अंतर चालवायचं आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. माझ्या गाडीला माझ्या ओझ्यासकट 38 वर रेघ सारखी पुसली. दुसऱ्याच्या गाडीचं वेगळं येईल, त्याने त्याची रेघ ओढावी. चिखलात उतरताना 22. त्याहून फार खाली जाऊ नको म्हणालात, 15 च्या खाली तर नाहीच, साध्या रिमवरून टायरची कड निसटते. आणि डांबर लागण्याआधी पुन्हा हवा भरायची, कमी हवेचा टायर वेगात तापतो. तो छोटा कंप्रेसर आता सीटखालीच असतो.

पाच टायर घ्यायला लावलेत, चार नव्हे. तेव्हा मला तो खर्च जड वाटला होता, हे कबूल करते. पण मूळ टायर स्टेपनीला ठेवला असता तर नेमका चिखलात पंक्चर झाल्यावर एक चाक 57 मिलिमीटरने लहान लागलं असतं आणि फोर बाय फोरमध्ये सगळा ताण गिअरपेटीवर गेला असता. टायर बसवल्यावर तुम्ही एकेक कोपरा जॅकवर चढवून स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवायला सांगितलंत. पुढचं डावं चाक मडगार्डच्या प्लास्टिकला पुसट घासत होतं. कड थोडी कापून ते मोकळं केलंत. मग ओल्या, मोकळ्या रस्त्यावर मला दहा वेळा ब्रेक मारायला लावलात, थांबायला किती जास्त अंतर लागतं ते पायाला कळावं म्हणून.

आणि आता चिखलाचं सांगते, तुम्हाला तेच ऐकायचं असणार. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी त्याच जागी पोहोचले. 22 पीएसआय, लो गिअर, दुसरा. मध्यावर गाडी मंदावली, जुन्या सवयीने पाय उचलणार होते. तुमचं आठवलं, किंचित गॅस दिला, खिडकीबाहेर चिखलाचे गोळे उडताना दिसले आणि टायर स्वच्छ झाल्याबरोबर गाडीने पुढे ओढ घेतली. पलीकडे जाऊन मी उतरले आणि खाचेत बोट घातलं. आडवं बसलं.

रोपं सगळी लागली आहेत. 8000 किलोमीटरला पाचही चाकं फिरवून लावली. त्याआधी नक्षीवरून तळहात फिरवला, तुम्ही दाखवला होतात तसा, एकदा पुढे आणि एकदा मागे. पुढच्या दोन टायरांना एका बाजूने धार लागायला सुरुवात झाली होती, ती चाकं मागे गेली. तुमचं हवेचं मोजयंत्र अजून माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी घेऊन येते, आणि पाचही टायरांची खोली मोजून वहीत लिहून आणते.

तुमची,
रोपवाटिकेवाली